मांडव-खुर्च्यांची वेबसाइट

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. पुढेमागे कोणी विचारलंच, की घानातल्या कुमासी शहरात मांडव-खुर्चीच्या धंद्यात क्रांती कशी झाली, तर हाताशी काहीतरी असावं.

काम सासूबाईंच्या कंपनीचं. 'बिरागो कॅनोपीज अँड चेअर्स'. मयतीचे मांडव, खुर्च्या, क्वचित लग्नाचेही. गेल्या वर्षापासून बांतामा भागातली गिऱ्हाइकं दुसऱ्या कंपनीकडे, न्हिरावाल्यांकडे, जायला लागली आहेत. त्यांची वेबसाइट आहे म्हणे. काल जेवताना सासूबाईंनी विषय काढला आणि मी तोंडातला फुफूचा घास गिळायच्या आत म्हणालो, वेबसाइट मी करतो. मेहुणा बाफूर हसला. बाफूर ट्रक चालवतो. माझा छापखाना बंद पडल्यापासून मी त्याच्या ट्रकवर खुर्च्या चढवतो आणि उतरवतो. हे तात्पुरतं आहे, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

सासूबाई म्हणाल्या, ईस्टरपर्यंत वेळ देते, सार्पोंग. जमलं तर ऑफिसात बस. नाही जमलं तर ट्रक कुठे जात नाही. बायकोने, म्हणजे ड्युफीने, माझ्या वाडग्यात मटणाचा मोठा तुकडा टाकला. विश्वास असणार. दयाही असू शकते. नाही, विश्वासच.

१३ जानेवारी, मंगळवार

भरपूर वाचन. वेबसाइट करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या लागतात. धंद्याचं ध्येय आणि प्रेक्षक. बहुतेक लोक इथेच माती खातात.

ध्येय लिहिलं: यंदा वीस टक्के वाढ. सासूबाईंना वाचून दाखवलं. वीस टक्के म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं, की गेल्या वर्षी शंभर मयती केल्या असतील तर यंदा एकशेवीस. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, वरची वीस माणसं कोण मारणार? तू?

बाफूरला हसून हसून ठसका लागला.

ध्येय बदललं: 'दुःखाच्या क्षणी ओठांवर येणारं पहिलं नाव.' हे मोजता येत नाही. तोच त्याचा फायदा.

१९ जानेवारी, सोमवार

आडूममधल्या वेबसाइटवाल्या बाईंना भेटलो. एवुरामा नाव. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून तुटक. मी दीड तास ध्येयावर बोललो. त्यांनी एकच विचारलं, पान वाचून झाल्यावर माणसाने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? म्हणालो, भारावून जावं. त्या म्हणाल्या, आणि मग? फोन करावा, ऑर्डर द्यावी, नक्की काय करावं?

संकुचित दृष्टी. पण टायपिंगचा वेग चांगला आहे. ठेवून घ्यायचं ठरवलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रेक्षक सापडला!

मयत कुमासीत होते, पण हुकूम परदेशातून सुटतात. लंडन, अॅमस्टरडॅम, हॅम्बुर्ग. तिकडे असलेली मुलगी ठरवते मांडव कुठला आणि खुर्च्या कोणत्या. इथले काका-मामा फक्त माना डोलावतात. न्हिरावाल्यांच्या हे गावीही नसेल.

एवुरामाबाई म्हणाल्या, मुद्दा चांगला आहे, आता अशा दोनचार जणींना फोन करून विचारा. मी म्हणालो, गरज नाही, मला आतून समजतं.

एक बाई मनातल्या मनात उभी केली. ग्रेस. वय अठ्ठेचाळीस, अॅमस्टरडॅम, नर्स. वडिलांवर अतोनात जीव. हळवी. संध्याकाळी ड्युटीवरून आली की एकटी असते. दोन पानं झाली. आता प्रत्येक निर्णय ग्रेसला विचारून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गोंधळ. ग्रेसची पानं ड्युफीच्या हाती पडली. 'संध्याकाळी एकटी असते', 'तिला मोठ्या आवाजातलं बोलणं आवडत नाही', 'तिला समजून घेणारं कोणीतरी हवंय'. सगळं माझ्या अक्षरात.

ड्युफीने पानं थेट आईसमोर टाकली. मी सांगितलं, अहो, ही बाई अस्तित्वातच नाही, मी ती तयार केली आहे. यावर सासूबाईंनी पानं उलटसुलट करून पाहिली. शेवटी ड्युफीला म्हणाल्या, असती तर बरं झालं असतं गं. निदान डोकं ठिकाणावर आहे असं तरी म्हटलं असतं.

झोपताना ड्युफीने विचारलं, मला काय आवडत नाही, ते लिहिलंय कुठे? मी म्हणालो, तू आपली प्रेक्षक नाहीस. चुकलं. शब्दशः बरोबर होतं, तरी चुकलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्डरचा फॉर्म करतोय. एवुरामाबाईंनी आणलेल्या कच्च्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना: मृताचं नाव. मी हादरलो. ग्रेस दिवसभर दमून आली आहे, फोन हातात घेतला, आणि समोर हे? ती कोसळेल. रकाना काढायला लावला.

बाई म्हणाल्या, अहो, कोण वारलं हेच माहीत नसलं तर जाणार कुठे? मी म्हणालो, पत्ता आहे ना.

ऑर्डर पक्की करायला फोन करायचा, हा त्यांचा दुसरा हट्ट. ग्रेसला फोन आवडत नाही. तोही काढला.

शिवाय 'दर पाहा' आणि 'ऑर्डर द्या' अशी दोन बटणं होती. दुःखातल्या माणसाला निवड करायला लावणं हा क्रूरपणा आहे. दोन्हींचं एकच बटण केलं. त्यावर लिहिलं, 'आमच्यावर सोपवा'. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

एवुरामाबाई म्हणाल्या, हे मी तुमच्या सांगण्यावरून केलं, एवढं लिहून द्या. लगेच दिलं. श्रेयाला त्या घाबरतात.

२ मार्च, सोमवार

वेबसाइट सुरू! ईस्टरच्या कितीतरी आधी. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, म्हणाल्या, खुर्च्या छान दिसतात. बस्स. पण त्यांच्या तोंडून 'छान' निघणं म्हणजे मोठी गोष्ट.

९ मार्च, सोमवार

एकही ऑर्डर नाही. लोक मनात साठवत असणार.

१३ मार्च, शुक्रवार

अजूनही नाही. बाफूरने आज सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, आज कोणी भारावलं का? मी खुर्च्या मोजत राहिलो. आसाफो भागातली एक मयत न्हिरावाल्यांकडे गेली. मेलेली बाई सासूबाईंची शाळासोबती. त्या संध्याकाळभर अंगणात बसून होत्या, दिवाही लावला नाही. मी जाऊन म्हणालो, आई, थोडा धीर धरा. त्या म्हणाल्या, धीर खूप आहे, सार्पोंग. गिऱ्हाईक नाही.

जेवण गेलं नाही. हे फसलं तर मी परत खुर्च्याच उचलणार. चाळिशी उलटल्यावर. देवा, एक ऑर्डर पाठव. एकच. कुठूनही.

१७ मार्च, मंगळवार. दुपार.

आली! आली! आली!

आफ्रियी आसुमिंग, अॅमस्टरडॅम. अॅमस्टरडॅम!! शनिवारी एजिसूला. चर्चच्या मागे, निळं फाटक. सहा मांडव, मयतीचा काळा-लाल कपडा, चारशे खुर्च्या. 'आमच्यावर सोपवा' दाबलेलं.

सासूबाईंनी विचारलं, कोण वारलं? मी म्हणालो, ग्राहकाची खासगी बाब आहे. त्या म्हणाल्या, एजिसूत कोणी गेलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या कानावर येतं, मग हे कसं आलं नाही? मी म्हणालो, ते जुनं जग होतं, आई. त्यांनी वहीत शनिवारची नोंद केली. मग पहिल्यांदाच मला ऑफिसातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं. ड्युफी दारात उभी राहून बघत होती. खूप दिवसांनी हसली.

२१ मार्च, शनिवार. दुपार.

लिहिवत नाही. लिहितो.

पहाटेच पोचलो. निळं फाटक उघडं, अंगण झाडलेलं, पण चिटपाखरू नाही. बाफूर म्हणाला, घरची माणसं कुठायत? मी म्हणालो, त्यांनी आपल्यावर सोपवलंय. मांडव ठोकले, काळा-लाल कपडा सोडला, खुर्च्या लावल्या. मला वाटतं, आम्ही इतकं देखणं काम कधी केलं नव्हतं.

उजाडल्यावर घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. खांद्यावर टॉवेल, तोंडात दातवण. पहिल्या रांगेत बसले. सगळीकडे नजर फिरवून त्यांनी विचारलं, कोण गेलं?

मी हात जोडले. आवाज खाली आणला. म्हणालो, या घरातल्या ज्येष्ठांचं निधन झालंय, आपण त्यांचे कोण?

ते म्हणाले, बाळा, या घरात मी एकटाच राहतो.

बाफूरच्या हातातला हातोडा तसाच वर राहिला.

नाना आसुमिंग त्यांचं नाव. कोणी पाठवलं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी सांगितलं. माझी आफ्रियी? त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी दातवण काढून हातात धरलं. म्हणाले, दोन वर्षं झाली, तिचा आवाज ऐकला नाही. कामात असते. मग विचारलं, खुर्च्या कुठल्या सांगितल्यात? गादीच्या की साध्या?

मी खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यभर बोललोय. नेमकं तेव्हाच सुचलं नाही. म्हणालो, साध्या.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, तिच्या आईच्या वेळी गादीच्या होत्या.

तोवर रस्त्यावरून काळं-लाल दिसलं म्हणून बायका हंबरडा फोडतच आत घुसल्या. नाना गेले, नाना गेले! पुढच्या बाईला नाना खुर्चीत बसलेले दिसले. ती जागीच आडवी झाली. मागच्यांनी तिच्या नावाने रडायला सुरुवात केली. बाफूरने मला ट्रकमध्ये ढकललं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. याचीच मला जास्त भीती वाटली.

२२ मार्च, रविवार

आफ्रियीने एवुरामाबाईंना फोन करून सगळा राग काढला. डॉक्टरांनी तिला कळवलं होतं, की नानांचं हृदय अशक्त झालंय. तिला फक्त दर बघायचे होते, म्हणून तिने फॉर्म भरला. शनिवारची तारीख फॉर्ममध्ये आपोआप येत होती. 'आमच्यावर सोपवा'खेरीज दुसरं बटणच नव्हतं.

जिवंत माणसाच्या दारात मयतीचा मांडव. एजिसूच्या वडीलधाऱ्यांनी सासूबाईंना बोलावणं धाडलंय. मेंढा घेऊन जायचं, दारूची बाटली घेऊन जायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. चाळीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

मी म्हणालो, मी येतो, माझी चूक आहे. ड्युफी म्हणाली, तू घरीच बस. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

सासूबाई एजिसूहून परतल्या. पाय धुतले, पाणी प्यायल्या, मग बोलल्या.

नानांनी माफी स्वीकारली. मेंढा तिथेच कापला, सगळ्यांना वाढला. त्या दिवशी मांडव उतरवून आम्ही निघालो आणि नानांनी शेजाऱ्याच्या फोनवरून आफ्रियीला फोन लावला. आधी भांडण झालं, मग रडारड. आता ती पुढच्या महिन्यात येतेय. सासूबाईंच्या समोरही तिचा फोन आला. नाना ओरडून ओरडून बोलत होते, मेंढा कसा झालाय ते सांगत होते.

मी म्हणालो, म्हणजे वेबसाइटमुळे बाप-लेक बोलायला लागले! हे तर ध्येयात लिहिलंही नव्हतं!

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, नानांनी आपली मयत आजच आमच्याकडे सांगून ठेवलीय, जेव्हा होईल तेव्हाची. सगळ्या खुर्च्या गादीच्या. एकच अट घातली.

काय, असं मी विचारलं.

तो हात जोडणारा माणूस तिथे दिसता कामा नये.

१ एप्रिल, बुधवार

एवुरामाबाईंनी वेबसाइट नव्याने केली. एकच पान. कंपनीचं नाव, खुर्च्यांचे फोटो, सासूबाईंचा फोन नंबर. ध्येय नाही, प्रेक्षक नाही, आत्मा नाही. सासूबाईंचा फोन सकाळपासून वाजतोय. योगायोग.

ड्युफीला विचारलं, तुला काय आवडत नाही? ती कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, आत्ता नको.

आत्ता नको म्हणजे नंतर चालेल. चांगलं लक्षण.

११ एप्रिल, शनिवार

सुआमेला मयत. बाफूर, मी, दोन ट्रक. ऊन फार. एक बाई जवळ आल्या. अंगावर भारी काळा पोशाख, डोळ्यांवर गॉगल, बोलण्यात परदेशी झाक. मी ताठ उभा राहिलो. त्यांनी विचारलं, तुम्ही या कंपनीचे का? हो म्हणालो. अगदी सुरुवातीपासून, म्हणालो.

त्या म्हणाल्या, मग ही खुर्ची जरा सावलीत सरकवता?

सरकवली.