दुखवट्याची आगाऊ रजा

४ मार्च, सोमवार

नवा करार आला! कंपनी आणि युनियन वर्षभर भांडून एकमतावर आल्या, आणि ते एकमत आता मला रकान्यांत बसवायचंय. पूर्वी हजेरीपत्रकात तीनच खुणा होत्या – हजर, रजा, खाडा. आता नुसत्या रजेच्याच कितीतरी जाती. भरपगारी, बिनपगारी, अर्धपगारी, दुखापतीची, दुखवट्याची, युनियनच्या कामाची. त्या शेवटच्या रजेतही पोटभेद – बैठक कंपनीने बोलावली तर भरपगारी, युनियनने बोलावली तर बिनपगारी. त्यामुळे हल्ली कुणीच कुणाला बोलावत नाही. साहेब आणि युनियनचा सेक्रेटरी जिन्यात 'सहज' भेटतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलत उभे राहतात. ते कुठे लिहू? साहेब म्हणाले, "बाई, डोकं वापरा." डोक्यासाठी रकाना ठेवलेला नाही.

७ मार्च, गुरुवार

भट्टीवरचा शिडी आला होता. ताडमाड उंच आहे म्हणून सगळे शिडीच म्हणतात. काचेच्या बाटल्यांची भट्टी एवढी धगधगती, पण हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. आज माझ्या खिडकीशी वाकून नुसता उभा. त्याची काकू मरणपंथाला लागलीय. हा तान्हा असताना आई गेली, काकूनेच वाढवलं. "जवळ बसायचंय बाई, बाकी काही नाही."

करार उघडला. बाकीच्या रजांना महिनाभर आधी अर्ज हवा, नाहीतर आजाऱ्याजवळ बसलं तरी खाडा. आजारी माणूस मेला की तीन दिवस भरपगारी! पण तेही आई, बाप, नवरा-बायको आणि मूल एवढ्यांसाठीच. यादी करणारे सगळे आभाळातून पडले असावेत, एकालाही काकू नाही. आणि शिडीचे काकूच्या दवाखान्यापायी आधीच तीन खाडे झालेत. चौथा पडला की निलंबन.

फार वाईट वाटलं मला. "बघते," म्हणाले. मी काय बघणार, कपाळ!

८ मार्च, शुक्रवार

बघितलं. साहेबांना सांगितलं, सेक्रेटरीलाही सांगितलं. जिन्यात जुंपली.

"काकू म्हणजे आईच! नाहीतर भट्ट्या बंद करू!"

"आज काकू. उद्या मामी, मावशी, शेजारीण – कारखाना चालवायचा की गोतावळा सांभाळायचा?"

शेवटी रीतसर बैठक ठरली. मग ती कुणी बोलावली यावर वाद. आजचा दिवस त्यातच गेला.

११ मार्च, सोमवार

मान्य! शिडीपुरती काकू म्हणजे आई. आणि साहेब चक्क म्हणाले, "मेल्यावर रजा देऊन काय उपयोग? तो तिला भेटणार कधी?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हा माणूस आवडला. पण पुढचं वाक्य आलंच – "लिहा बाई. दुखवट्याची रजा, तीन दिवस, आगाऊ."

"साहेब, त्या अजून जिवंत आहेत."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग झालं."

बाजारात तुरी! पण लिहिलं. सेक्रेटरीने फळ्यावर 'ऐतिहासिक विजय' असं खडूने खरडलं आणि सगळ्यांना चहा पाजला. शिडी चहाला थांबला नाही, कपडे न बदलताच धावत गेला.

१३ मार्च, बुधवार

साहेब सकाळपासून दोनदा येऊन गेले. "काही कळलं का?" काय कळायला हवंय ते तोंडाने म्हणवत नाही.

१५ मार्च, शुक्रवार

शिडी कामावर आला – हसत! काकू उठून बसली. दूध मागून प्यायली, आणि याला म्हणाली, "दाढी कर आधी, मसणवट्यातून आल्यासारखा दिसतोस." मला इतका आनंद झाला की डब्यातलं अर्धं त्यालाच दिलं.

साहेबांना सांगितलं तर चेहरा उतरला. "बऱ्या झाल्या? म्हणजे आता ती रजा कसली?" जसं काही मीच औषधपाणी केलं!

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "मी गेलो तर कोणत्या रकान्यात?" म्हटलं, "भरपगारीत. पण आधी खात्री करून घेतील."

१९ मार्च, मंगळवार

साहेब म्हणतात, माणूस मेलं नाही तर दुखवटा नाही. ते तीन दिवस खाडे धरा. म्हणजे शिडी सरळ घरी! सेक्रेटरी म्हणतो, मिळालेला हक्क जीव गेला तरी परत देणार नाही. कुणाचा जीव ते त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी तोडगा निघाला. रजा कायम राहणार, खाडे नाहीत. मात्र या काकूच्या निधनाची रजा 'उपभोगून झाली' असं समजायचं. साहेबांची सही, सेक्रेटरीची सही. शिडीनेही केली, हसत हसत. "काकू म्हणते, शंभरी गाठते की नाही बघाच!"

मी सेक्रेटरीला हळूच विचारलं, "आणि खरंच गेल्या तर?"

"शुभ बोला हो बाई!"

२६ मार्च, मंगळवार

काकूंचा निरोप आला – "मला जिवंतपणी मारणारी ती बाई कोण, एकदा बघू दे." पोट धरून हसले. रविवारी जाणार आहे त्यांच्याकडे.

२९ मार्च, शुक्रवार

काकू पहाटे गेल्या. शिडी वेळेवर भट्टीवर आला. म्हणाला, "दुखवट्याची घेऊन झालीय ना, बाई. खाडा पडला तर घरी बसवतील." साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "सही त्याचीच आहे." मग साहेब आणि सेक्रेटरी कंपनीच्या गाडीतून अंत्ययात्रेला गेले – ड्यूटीवर, भरपगारी. खांदा त्यांनीच दिला. मी शिडीच्या नावापुढे 'हजर' लिहिलं.