रिकाम्या नळीतली उडी

कारागांदा, ३ फेब्रुवारी २००४

ती. आकेंस, माझ्या बाबांस, लेकीचा वाकून सलाम. वि. वि.

आईने पाठवलेलं कुर्त, वाळवलेल्या दह्याचे ते खारट गोळे, पोचलं. इथल्या भुकेल्यांनी माझ्याआधीच फस्त केलं.

आता मुख्य ते लिहिते. मँगनीजच्या थराथरांच्या ऑक्साइडची तुमची जुनी भुकटी मी पुन्हा मोजली. उणे दोनशेतीस अंशांजवळ चुंबकत्व एकदम वाढलं, उष्णतेच्या आलेखातही टेंगूळ आलं. सगळे जिला तुमच्या नावाने ‘तुर्सिनखानची उडी’ म्हणतात, तीच. मग नळीतली हवा तीनदा उपसून हेलियम भरला. उडी गायब! शेवटी भुकटी काढून रिकाम्या नळीत थोडी हवा सोडली, तर उडी हजर. आके, ती भुकटीची नाहीच. हवेतला प्राणवायू नळीत गोठतो आणि तिथे रूप बदलतो, त्याची आहे.

पंचवीस तारखेला तुमच्या सत्तरीचा सत्कार, तोही याच उडीसाठी. आमचे प्रमुख म्हणतात, तोवर तोंड उघडू नकोस, नंतरही नको. मी काय करू?

तुमची आक्बोता

कार्कारली, ९ फेब्रुवारी

चि. आक्बोता हिस आशीर्वाद.

आधी स्वतःची नळी तपास. तू बाहुल्या खेळायचीस तेव्हा मी काच फुंकून उपकरणं बनवत होतो. गुरूची विद्या गुरूवरच फिरवलीस! तुझी आई म्हणते, रागात पत्र टाकू नका. टाकतोय.

तुर्सिनखान

कारागांदा, १३ फेब्रुवारी

ती. आकेंस सलाम.

नळी पाचदा तपासली. लेख लिहून ठेवलाय, पाठवलेला नाही. तुम्ही म्हणालात तर फाडीन. पण उडी खरी आहे, असं माझ्या तोंडून वदवू नका. माया पातळ होऊ देऊ नका.

आक्बोता

कार्कारली, १८ फेब्रुवारी

माझ्या शिंगरा,

काल एकाहत्तर सालची वही काढली. अकरा मेला उडी आली नव्हती. त्या दिवशी नळीतली हवा उपसायला नवा पंप लावला होता. समोर माझ्याच अक्षरात आहे : नमुना खराब. नमुना चांगला होता, पोरी. मी घाबरलो होतो. प्रबंध आठवड्यावर आला होता. ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

सत्काराला येतो. खांद्यावर चापान, तो मानाचा झगा, घालण्याआधी मीच उठून सांगेन. तू आलेख घेऊन शेजारी उभी राहा. पाहुणे काय म्हणतील, असं तुझी आई विचारते. म्हटलं, बेशबर्माक खातील नि घरी जातील. रात्री मात्र मला झोप लागत नाही.

लेखात अकरा मेचं माप घाल, आणि लेखकांत माझं नाव तुझ्या खाली लाव. लोभ ठेव, असं आता मीच तुला म्हणतो.

तुझे आके