हवेच्या टाकीवरचा वास

६ फेब्रु., गुरु.
सकाळी सांडपाण्याच्या प्लांटवर पुन्हा तो वास. नेलपॉलिशसारखा, नाकात चिकटून राहणारा. थंडी आहे, वारा नाही, त्यामुळं तो वर जातच नाही, हवेच्या टाकीच्या कठड्याभोवती बसून राहतो. खालून हवा सोडणारा ब्लोअर सुरू केला की पाणी उकळल्यासारखं फुगतं आणि वास दुप्पट होतो.
पहाटेच्या पाळीला गजाननभाऊ होते. टाकीवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. डोकं जड आहे म्हणाले, मळमळतंय. जागरणानं असेल, असंही तेच म्हणाले. शहराचं सांडपाणी जिथं येतं तिथं नोकरी करायची आणि वासाची तक्रार करायची, याची लाज वाटते माणसाला. मलाही वाटते.
प्लांटची लॅब माझ्याकडं आहे; बाहेर सोडायच्या पाण्याच्या तपासण्या केल्या. सगळं मर्यादेत. सही केली.

१० फेब्रु., सोम.
टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. देठावर डोलणारे घंटेसारखे जीव असतात त्यात, त्यांच्यावरून मला टाकीची तब्येत कळते. आज नुसते देठ. घंटा गळून गेल्या आहेत. वरून काहीतरी विषारी येतंय.
जाधव साहेबांना दाखवलं. ते ठेकेदाराचे इंजिनियर, पुण्याचे, माणूस वाईट नाही. बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले, बाहेरचं पाणी पास होतंय ना?
होतंय.

१३ फेब्रु., गुरु.
साहेबांनी बाहेरच्या लॅबला नमुना पाठवला. प्लास्टिकच्या कॅनमध्ये, अर्धा भरून, तोही बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. मी सुट्टीवर होते, परत येईस्तोवर गाडी निघून गेलेली.

२१ फेब्रु., शुक्र.
रिपोर्ट आला. ‘आढळले नाही.’ साहेब खूश.
आढळणार कसं? जंतूंना श्वास घेता यावा म्हणून आपण पाण्यातून हवा सोडतो. तीच हवा वर येताना ते रसायन सोबत घेऊन येते. उरलंसुरलं अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये उडून गेलं असेल. पाणी स्वच्छ झालं असं आपण लिहितो. त्यातलं कुठं गेलं, ते लिहायला रकाना नाही. थोडं जंतू खातात, थोडं गाळाला चिकटतं, बाकीचं गजाननभाऊंच्या छातीत. वारा पश्चिमेचा असला की भिंतीपलीकडच्या वस्तीत. तिथं बाया दारात बसून भांडी घासतात.
हे साहेबांना बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. हवेचं आपल्या करारात नाही म्हणाले.

२५ फेब्रु., मंगळ.
या वेळी नमुना मीच घेतला. प्लांटमध्ये पाणी शिरतं तिथला. काचेची बाटली, काठोकाठ, आत एक बुडबुडा राहू दिला नाही. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एस.टी.नं लॅबला गेले. शेजारच्या बाईनं विचारलं, लस हाय का? हाव म्हटलं.

४ मार्च, मंगळ.
टोल्युइन. थिनरमध्ये असतं ते. आणि भरपूर.
साहेब आता गंभीर झाले. पण शोधायचं कुठं? सगळं शहर आपल्याकडंच वाहत येतं. मी म्हटलं, एकेक चेंबर उघडत वर जायचं, जिथं वास संपेल त्याच्या खालची गल्ली. माणसं मिळाली की करू म्हणाले.
ग.भाऊंचे हात थरथरतात. चहा सांडला आज, त्यांच्या लक्षात आलं नाही.

९ मार्च, रवि.
घरचा ड्रम फुटला. नळाला पाणी आठवड्यानं येतं, ड्रमाशिवाय चालत नाही. म्हणून सिधूकडं गेले.
धाकटा भाऊ. बाजार समितीच्या मागं त्याचं शेड आहे. कारखान्यांतले रिकामे निळे ड्रम आणतो, धुतो, विकतो. अर्ध्या शहराचं पिण्याचं पाणी सिधूच्या ड्रमात असेल. मी गेले तेव्हा एका ड्रमाच्या तळाशी वाळलेला राळेसारखा थर होता, तो थिनर ओतून, ड्रम लोळवून सोडवत होता. मग सगळं नालीत.
दारातच पाय थांबले माझे. तोच वास.
“ताई, ये नं, बाहीर काऊन उभी हायेस?” म्हणाला. हात पुसून पाणी आणलं. वैशालीनं, त्याच्या बायकोनं, पोहे केले. खाल्ले.
ड्रम न घेता परत आले. आवडता रंग नाही म्हटलं. सगळेच निळे असतात.

११ मार्च, मंगळ.
साहेबांनी विचारलं, काही अंदाज? नाही म्हटलं.

१६ मार्च, रवि.
आज सिधूला सांगितलं. शेडमध्येच, वैशाली नव्हती तेव्हा. तो हसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. नालीत गेलं म्हणजे गेलं, एवढंच. तसं तर सगळ्यांनाच वाटतं.
“मी त धुतो फक्त, ताई,” म्हणाला. “न धुता इकू का लोकायले? त्यात पानी पेतेत ते.”
असले ड्रम घेऊच नको म्हटलं. त्यानं शेडकडं बघितलं. बाबांना गावाहून, उंद्रीहून, इकडं आणलं तेव्हा, माझं शिक्षण चालू होतं तेव्हा, याच शेडवर घर चाललं होतं.
जाताना म्हणाला, नालीत नाही टाकणार.

२७ मार्च, गुरु.
टाकीवर वास नाही. मायक्रोस्कोपखाली एक घंटा दिसली, लहानशी, डोलत होती. ग.भाऊंना बोलावून दाखवली. त्यांना काही दिसेना, तरी बरं वाटलं म्हणाले.
साहेब म्हणाले, बघा, आपोआप थांबलं. मी त्या दिवसाच्या तपासण्यांवर सही केली.

३० मार्च, रवि.
सिधूनं मोठ्या हौसेनं दाखवलं. आता तो सगळं शेडमागच्या पडीत जागेत पसरून टाकतो. उन्हानं तासाभरात वाळून जातं, डागसुद्धा राहत नाही.
वाळत नाही रे, उडतं. तिथंच दोरीवर वैशालीनं बाळाचे कपडे घातले होते. आणि जे उडत नाही ते जमिनीत उतरतं, पलीकडं बोअर आहे. हे सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.
“मंग टाकू कुठी?”
बंद ड्रममध्ये साठव, अशा कचऱ्याची व्यवस्था असते, पाठवता येतं. कुठं पाठवायचं, विचारलं त्यानं. बघते म्हटलं.

३ एप्रिल, गुरु.
फोन केले. एवढ्याशा मालासाठी कोणी गाडी पाठवत नाही. परवाना आहे का, विचारतात. सिधूकडं कसला परवाना?
त्याला अजून कळवलेलं नाही. काय कळवणार?

८ एप्रिल, मंगळ.
वास आला. आधीपेक्षा जास्त. साठवलेलं एकदम सोडलं की काय. सिधूला फोन लावला, उचलला नाही.

९ एप्रिल, बुध.
ग.भाऊ पडले.
दुपारी पाणी आत येतं तिथल्या खड्ड्यातल्या जाळीत कापड अडकलं, ते काढायला उतरले. खाली उतरायचं नाही असा नियम आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि जाळी अडली की सगळे उतरतात. उन्हानं आत भट्टी झालेली. वरच्या माणसानं हाक मारली तर उत्तर नाही. ब्लोअरचा पाइप वळवून खाली हवा सोडली, मग दोघांनी दोर बांधून ओढून काढलं. मी कठड्याशी उभी होते. वर आणले तेव्हा ओठ काळे पडलेले. त्या खड्ड्यातून वास असा येत होता की माझेही डोळे वाहत होते. मी रडतेय असं सगळ्यांना वाटलं.
बुलढाण्याला हलवलं. श्वास चालू आहे.

१० एप्रिल, गुरु.
दवाखान्यात. शुद्ध आली. गटारातला वायू असेल म्हणाले डॉक्टर, नेहमीचा. मी थिनरचं सांगितलं तेव्हा त्यांनी नव्यानं लिहून घेतलं.
भाऊंची बायको कांताबाई भिंतीला टेकून बसली होती. मॅडम, तुमी हायेत म्हून बरं वाटते, म्हणाली.

११ एप्रिल, शुक्र.
साहेबांच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं, नाव सांगितलं. पूर्ण नाव, शेडचा पत्ता. आडनाव माझ्या माहेरचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तेही सांगितलं.
ते बराच वेळ पेपरवेट फिरवत होते. म्हणाले, तुमचं नाव कुठं येणार नाही याची काळजी घेतो.
येऊ द्या म्हटलं.

१४ एप्रिल, सोम.
विहारात गेले. पांढरी साडी, सगळं दरवर्षीसारखं. मिरवणुकीत सिधू नेहमी पुढं असतो. आज नव्हता. बाबांनी विचारलं, आपला सिधू कुठी हाय? कामात असेल म्हटलं.
पालिकेची माणसं शनिवारीच येऊन गेली होती. शेडला सील.

२२ एप्रिल, मंगळ.
वैशालीचा फोन. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
“आमाले आंधी सांगतलं असतं, वन्सं, आमी आपल्या हातानं बंद केलं असतं.”
सिधूला सांगितलं होतं, हे मी बोलले नाही. पर्याय दिला नव्हता, हे तिला माहीत असणार. बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय म्हणाली, आणि फोन ठेवला.

३० एप्रिल, बुध.
ग.भाऊंच्या घरी गेले. खाटेवर बसले होते. हाताची थरथर आहेच. कांताबाईनं सांगितलं, फोडणी करपली तरी कळत नाही यांना. वास गेला. येईल परत म्हणतात, कधी ते सांगत नाहीत.
त्यांनी विचारलं, कोण टाकत होतं, समजलं का?
साहेबांनी नाव फुटू दिलं नव्हतं. मी सांगितलं. माझा सख्खा भाऊ. आणि मला मार्चपासून माहीत होतं, तेही.
कांताबाई चहाचं भांडं घेऊन दारातच थांबली. मग भाऊ म्हणाले, “तो सिधू व्हय? तो ड्रम त्याच्याच जवळचा हाय.” कोपऱ्यात निळा ड्रम, वर तांब्या पालथा घातलेला.
चहा आला, घेतला. कांताबाई या वेळी मॅडम म्हणाली नाही. निघताना दारापर्यंत कोणी आलं नाही.

१२ मे, सोम.
बुद्धपौर्णिमा. बाबांना घेऊन उंद्रीला गेले. खीर केली. सिधू तिथं येईल असं मनात होतं.
कळलं की तो मेहकरला कोणाच्या गोडाऊनवर हमालीला जातो. कोणी म्हणतं तिथं नाही, इथंच असतो, दुसऱ्याच्या जागेत जुनंच काम करतो. बाबा खीर खाता खाता थांबले. तुमच्या दोघात काय झालं, विचारलं. सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, राहू दे.

१९ मे, सोम.
सकाळी टाकीवर पोचले आणि कठड्याशीच उभी राहिले. वास. हलका, पण तोच. नवा ऑपरेटर म्हणाला, कसला वास, मॅडम, असाच येते इथिसा.
थेंब पाहिला. देठ.
दुपारी सिधूला फोन लावला. उचलला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बाळ बरं आहे का विचारलं. बरं हाय म्हणाला. तू कुठं आहेस? कामावर. कोणत्या? मागं पाण्याचा आवाज येत होता, नळ असेल, होजपाइप असेल. “ठेवू का, ताई?” हो म्हटलं.
संध्याकाळी जाधव साहेबांनी सांगितलं, माणसं मिळाली. उद्या सकाळपासून चेंबर उघडायचे, वासाच्या मागं वर जायचं, तुम्हीच म्हणाला होता तसं. शहर तुम्हाला माहीत आहे, कोणत्या गल्लीपासून सुरू करायचं ते तुम्हीच ठरवा.
नकाशा घरी आणलाय. टेबलावर पसरून ठेवलाय.