'न' लावलेली खुर्ची

कोल्हापूर,
शनिवार, दुपार

प्रिय त्रिशलावन्सं,

जयजिनेंद्र. गुडघे कसे आहेत? मुरगूडच्या त्या वैद्याचं तेल लावणं बंद केलं असेल तर नक्की सुधारले असतील. मी ठणठणीत आहे. राग आला की माझी तब्येत नेहमीच सुधारते. खरं तर फोनच केला असता, पण तुम्हाला ऐकू जायचं तर ओरडावं लागतं आणि व्हरांड्यातली खुर्ची फोनपासून फार लांब नाही. म्हणून पत्र.

आमच्या नातीच्या, आदितीच्या, बालवाडीत हल्ली अभ्यास नसतो, खेळ असतो. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरच्या पट्टीनं बोटं लाल झाली की अक्षर आपोआप यायचं. इथे क्रांतीबाई नावाच्या शिक्षिकेनं (बोलते ती तोंडात लाडू धरून) पोरांना अक्षरांच्या चिठ्ठ्या दिल्यात. वस्तूच्या नावात जो आवाज पहिला, ते अक्षर तिला चिकटवायचं. घरातल्या मोठ्या माणसानं ते नाव मोठ्यानं घेतलं, तरच चिठ्ठी काढायची. कपाटाला 'क', दाराला 'द'. मांजर दोन दिवस 'म' घेऊन फिरलं, कारण मी मांजराशी बोलत नाही.

मग एका सकाळी तुमच्या दादांच्या वेताच्या खुर्चीला 'न'. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नाही, शेजारच्या माझ्या खुर्चीवर मीही नाही. मी म्हटलं, खुर्चीला 'ख' हवा. पोरगी म्हणाली, "खुर्चीला नाही लावलं. आजोबांना लावलं." मग 'आ' हवा, असं मी (शांतपणे) सांगितलं. तर म्हणे, "त्यांनीच सांगितलं, 'न' लाव." ते गेले तेव्हा ही पाळण्यात होती, वन्सं. आणि घरात त्यांचं नाव कुणीच घेत नाही. अभिनंदन 'पप्पा' म्हणतो, सूनबाई 'मामा'. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांना आयुष्यभर हसलेली मी स्वतः मात्र 'अहो'च्या पुढे कधी गेले नाही. लग्नात उखाण्याच्या वेळी मला खोकल्याची उबळ आली होती, ती तुम्हाला आठवत असेल.

ती चिठ्ठी मी खरवडून काढली आणि गॅसवर जाळली. त्याच दिवशी अभिनंदन बायकोला आणि पोरीला घेऊन वारणानगरला सासुरवाडीला गेला. दुसऱ्या सकाळी खुर्चीला पुन्हा 'न'. झुंबरबाई केर काढायला आली ती व्हरांड्याच्या दारातच थबकली. म्हणाली, "आक्का, मालक बसल्यात. पाय वर घ्या म्हनून तुमीच सांगा की." मी म्हटलं, डोळे तपासून घे. "डोळ्यांचं न्हाय वो. वेत करकरतोय." करकरत होता. वारा नव्हता. तेव्हापासून व्हरांड्यात केर साठलाय आणि मी माझ्याच घरात पावण्यासारखी स्वयंपाकघरात बसून चहा पिते.

क्रांतीबाईला फोन करून झापलं. ती म्हणाली, सोपं आहे आजी, नाव घ्या, चिठ्ठी निघेल. असल्या बाईच्या हाती पोरं देतात.

इकडे बाकी बरं. तिकडच्या पोरांना माझ्याकडून आशीर्वाद, आणि त्यांना चिठ्ठ्या चिकटवू देऊ नका.

तुमची वहिनी,
राजमती
(हे नाव आता पेन्शनच्या कागदावरच उरलंय. तुमच्या दादांनीही 'अगं'वरच संसार केला.)

ता. क. खरं काम असं, की पत्र मिळताच या. तुम्ही बहीण, तुम्हाला त्यांचं नाव घ्यायला कसली अडचण? व्हरांड्यात उभं राहून एकदा मोठ्यानं घ्या, म्हणजे ते सुटतील आणि मीही. भडंग करून ठेवते.

ता. क. येऊ नका. पाकीट बंद करण्याआधी मीच जाऊन उभी राहिले आणि 'नेमिनाथ' म्हटलं. आवाज भलताच बारीक निघाला, तरी चिठ्ठी गळून पडली. वेत एकदा करकरला आणि थांबला. वळून पाहिलं तर माझ्या खुर्चीला 'र'. मी तो काढलेला नाही. त्याच खुर्चीत बसून हे लिहिते आहे. खेळाचा नियम दोघांना सारखाच, आणि त्यांना लाज सोडायला पहिल्यापासून वेळ लागतो. तुम्ही आलात तर पुन्हा 'अगं'वर येतील.