मास्तरांच्या ग्रंथाचा अडत्या

अमरावती, ता. १० नोव्हेंबर १८६४
आजपासून ग्रंथ. विषय ठरला: नव्या ग्रंथकारांस सूचना. लिहावे कसे आणि छापून आणावे कसे. दहा प्रकरणे. माझे स्वतःचे अद्याप काही छापलेले नाही, त्यामुळे मत निःपक्षपाती राहील. अर्पणपत्रिका झाली. हात दुखला.

अकोल्याच्या शाळेत हेडमास्तरची जागा रिकामी आहे. इन्स्पेक्टर साहेब मार्चमध्ये आमची शाळा पाहून ठरवणार. कुटुंब म्हणते, अकोला माझं माहेर, बारा वर्षं थांबले, आता तेवढं बघा. बघतो म्हणालो. ऑथर माणसाला हेडमास्तरकी तशी अडचणच.

ता. २४ नोव्हेंबर
प्रकरण पहिले व दहावे पूर्ण. सुरुवात आणि शेवट हाती आले की मधले आपोआप येते. (ही सूचना म्हणून घालावी.)

शाळेत तीसपैकी नऊ मुले. बाकीची कापूस वेचायला. लढाई अमेरिकेत, तिकडचा कापूस बंद म्हणून इथल्याला सोन्याचा भाव, आणि ओस पडला माझा वर्ग. असिस्टंट नारायण शेतात जाऊन, पोरे भाकरी खायला बसली की त्यांना शिकवतो. हौस.

ता. ९ डिसेंबर
मोठा शोध. कापसाच्या प्रत्येक गठ्ठ्याला एजंट असतो, मग ग्रंथाला का नसावा? जानराव अडत्याला बाजारात गाठले. तो मुंबईला माल पाठवतो. तिथला एक छापखानेवाला त्याच्या ओळखीचा. ग्रंथ न उघडता त्याने हातावर तोलला. म्हणाला, "मास्तर, हे त पापडावानी हाय. दोन बोटं जाडी पाह्यजे. पातळ मालाले मुंबईत कोनी हात लावत नाई."

जाणकार माणूस. दुसरे प्रकरण यावरच.

ता. ३० डिसेंबर
दुसरे प्रकरण झाले नाही. तिसरे ते नववेही नाही. थंडी फार आहे.

ता. ६ जानेवारी १८६५
जाडीचे कोडे सुटले! या हंगामात शेतकरीसुद्धा गठ्ठ्याला वरखाली पांढरी रुई लावतात आणि पोटात काय वाटेल ते भरतात. भाव असा चढला आहे की कोणी पाहत नाही. शाळेचे दोन वर्षांचे हजेरीपट नेमके माझ्या पानांच्या आकाराचे निघाले. पहिल्या व दहाव्या प्रकरणाच्या मधे घातले. तूर्त. छापण्याआधी बदलून देईन. जाडी अडीच बोटे.

कुटुंबाने विचारले, सरकारी कागद ना ते? म्हणालो, तुला ग्रंथातले कळत नाही.

ता. १० जानेवारी
ग्रंथ लाल फडक्यात बांधून रवाना. धूळ लागू नये म्हणून जानरावाने तो कापसाच्या गाडीत खोल खोचला. नारायणाला उपदेश केला की ग्रंथकाराने उत्तराची वाट शांतपणे पाहावी. त्यानंतर चारदा बाजारात जाऊन आलो.

ता. २१ फेब्रुवारी
इन्स्पेक्टर साहेबांचे पत्र. सहा मार्चला येतात. दोन वर्षांचे हजेरीपट तयार ठेवावेत.

ग्रंथ परत मागवता येईल का, असे जानरावाला सहज विचारले. तो म्हणाला, गेलेला माल परत येतो तो फक्त खराब निघाला तर. तशी शक्यता नाही.

घरी बांधाबांध सुरू. दळायचे जाते अकोल्याला न्यायचे की इथेच कोणाला द्यायचे, असा प्रश्न आला. न्यायचे, म्हणालो. धीर दिलेला बरा.

ता. २ मार्च
हजेरीपट आठवणीवरून नव्याने लिहिले. सर्व मुले, सर्व दिवस हजर. कोण कधी आले नव्हते ते आठवणीत कसे राहणार? नारायण म्हणाला, पंत, साहेबांना खरं सांगून टाका, रागावतील आणि विसरतील. तरुण आहे.

ता. ५ मार्च
जानराव घरी आला. छापखानेवाला मुरलेला निघाला. गठ्ठ्यात घालतात तसा त्याने ग्रंथाच्या थेट पोटात हात घातला आणि पान ओढले. पानावर गैरहजर मुलांची नावे.

मग पुढे काय, असे विचारले.

"शिक्का होता ना मास्तर त्याच्यावर. भला मानूस. म्हने सरकारचं हाय, त सरकारलेच पोचलं पाह्यजे. तुमच्या साहेबाच्या कचेरीत धाडून देल्लं त्यानं."

मी आभार मानीन म्हणून जानराव थोडा वेळ थांबला होता.

साहेबांनी अजून उघडले नसेल. कचेऱ्यांत इतक्या लवकर काही उघडत नाहीत.

ता. ६ मार्च
साहेब आले. टेबलावर लाल फडके ठेवले. माझे नवे पट मागवले, जुन्यांशेजारी मांडले आणि नावानावावरून बोट फिरवीत गेले. एक तास. नंतर पहिले प्रकरणही वाचले, हे विशेष. विचारले, आपले काय छापून आले आहे? म्हणालो, विषयाचा अभ्यास आहे.

मग नारायणाला शेतातल्या वर्गाबद्दल बरेच विचारीत बसले.

ता. १८ मार्च
हुकूम आला. अकोल्यास नारायण. मी धारणीस, मेळघाटात.

कुटुंब जाते घेऊन भावाकडे अकोल्याला गेले. रडले नाही. गाडीत बसताना म्हणाले, "मी पुढं जाते. तुम्ही ग्रंथ संपवून या."

धारणी, ता. ९ एप्रिल
शाळा म्हणजे मांडव. टपाल पंधरा दिवसांनी. पटावर मुले तीन. आज तिघेही मोहाची फुले वेचायला जंगलात गेले. पट उघडला, तिघांची नावे वाचली, आणि तिन्ही नावांपुढे गैरहजर लिहिले.