खडीच्या रस्त्याला चालेल अशी सायकल

४ एप्रिल

गाडी ब्रॉडीने नेली. "थोडे दिवस गं आई" — थोडे म्हणजे किती ते विचारायचं नाही! स्वतःची होती ती दारू पिऊन पुलाच्या कठड्यावर घातली. लायसन्स गेलं. जज्जबाईंनी बजावून सोडलं, पुन्हा काही केलंस तर सरळ आत. आणि हा बिनलायसन्सचा माझ्या गाडीतून शीळ घालत फिरतोय. सत्तावीस वर्षांचा घोडा. दाढी आली, अक्कल वाटेतच कुठेतरी अडकलीय.

"तुला असं जायचं तरी कुठं असतं? म्हाताऱ्यांची लापशी ढवळायला. मी सोडत जाईन की!"

५ एप्रिल

सोडलं नाही. हाक मारली तर उशी फेकली.

चालत गेले. आधी आमच्या शेताडीतली खडी, मग जुन्या रेल्वेच्या जागेवरची चुनखडीची वाट, मग गावातला विटांचा रस्ता. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पोचले तोवर ओट्स कुणीतरी करपवून ठेवले होते. रोंडा आमच्यावर देखरेख करते — सगळ्यांसमोर म्हणाली, "मार्लिस, तुझ्या घरच्या भानगडी इथं आणू नकोस. पुन्हा उशीर झाला तर दुसरी बघेन. बायकांना तोटा नाही."

दोघीतिघी हसल्या. त्यांच्या जागी मीही हसले असते.

६ एप्रिल

सायकल घ्यायची. ठरलं.

९ एप्रिल

रविवार. चर्चनंतर व्हर्नाकडे जेवण. थोरली बहीण म्हणून दर रविवारी आम्हाला हॅम खाऊ घालते आणि वर दोन शब्द सुनावते. सायकलचं बोलले तर काटे-चमचे थांबलेच!

"तू? सायकल? अगं, तुझ्या मापाची सीट मिळते का?" — व्हर्ना.

"ट्रॅक्टरची बसवून घे," तिचा नवरा.

ब्रॉडी सगळ्यात मोठ्यानं हसला. "आई सायकलवर म्हणजे सर्कशीतलं अस्वल! तिकीट लावू आपण."

मी बटाटे वाढून घेतले. खाली मान घालून खाल्ले. बटाटे छान झाले होते, हे वाईट.

घरी परतताना त्याला म्हटलं, गाडी दे मग. तर रेडिओ मोठा केला.

१५ एप्रिल

मोठ्या दुकानातून आणली. जिथं टायर, टीव्ही आणि कोंबडी एकाच छपराखाली मिळते तिथून. बायकांची म्हणून वेगळी रांग होती. फिकट जांभळी, पुढे टोपली, सीट गादीसारखी मऊ. स्वस्त. मला आवडली. खोटं कशाला लिहू — टोपलीवर भाळले.

१८ एप्रिल

टोपलीवर भाळू नये.

सीट इतकी मऊ की मैलभरात मांड्या सोलवटल्या. उचलायला जड — म्हशीला जिन्यावरून नेल्यासारखं. खडीवर हँडल थडथडतं, हात कोपरापर्यंत बधिर. उतारावर ब्रेक दाबला तर नुसती किंकाळी, थांबायचं नाव नाही. आणि आज पॅडल निखळून पडलं! पॅडल हातात घेऊन कामाला गेले. रोंडा म्हणाली, "हत्यार घेऊन आलीस का?"

वेळेवर मात्र पोचले.

२२ एप्रिल

जांभळी परत केली. पैसे कापून दिले, कुरकुरत.

तालुक्याच्या गावात खरं सायकलचं दुकान आहे, तिथं शेजाऱ्यांच्या पिकअपमधून गेले. विकणारा पोरगा माझ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत होता. "मॅडम, फावल्या वेळात फिरायला ना? बागेत वगैरे?" म्हटलं, खडी, चुनखडी, विटा, पाऊस, वारा, रोज पहाटे. त्याला वाटलं थट्टा करतेय.

आधी शर्यतीची दाखवली. हलकी, सुंदर. टायर करंगळीएवढा. दुकानामागच्या खडीवर नेली — पहिल्याच वळणाला मागचं चाक सरकलं आणि मी गुडघ्यावर. मग डोंगरातली दिली. टायर जाडजूड, पुढे स्प्रिंगा. खडीवर गादीवर बसल्यासारखी, पण डांबरी रस्त्यावर आले तर चिखलातून पाय ओढावेत तशी. प्रत्येक पॅडलचा अर्धा जीव त्या स्प्रिंगाच खातात. तिसरी बरोबर होती. टायर ना बारीक ना फोपसा, गियर हलके, डिस्क ब्रेक. पाय टेकले तर जमिनीला पोचले! किंमत बघितली. उतरले.

"हप्त्यानं घ्या की."

"लग्न करू का तिच्याशी?" म्हटलं. पहिल्यांदा हसला मेला.

पण आता कळलं, हवं काय ते. मधल्या अंगाची. सगळीकडे थोडी थोडी चालणारी, कुठंच मिरवायला न नेण्यासारखी. माझ्यासारखीच म्हणायची.

२९ एप्रिल

किराण्याच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी होती — बाईची सायकल, छोटी फ्रेम, खडीवर चालवलेली. पत्ता वाचला आणि परत वाचला. आयरीन पोस्पिशिल! शाळेत आमच्या व्यायामाच्या बाई. तिच्या शिट्टीला अख्खी शाळा घाबरायची. आता ऐंशीला आली असेल.

गेले. दार उघडून वरपासून खालपर्यंत बघितलं. "मार्लिस. मैलाच्या शर्यतीत शेवटून दुसरी. शेवटची आली तिच्या पायाला प्लास्टर होतं."

म्हटलं, होय बाई.

"माझं खुब्याचं हाड गेलंय, म्हणून विकतेय. नाहीतर तुला हातही लावू दिला नसता. चढ. अशी नव्हे! कुंपणावर चढतेस का? दांडा मधे घेऊन उभी राहा. हं, दोन बोटं फट राहिली की झालं. आता बस. गुडघा पूर्ण ताठ नको, जरासा वाकलेला हवा. तुझ्या त्या जांभळीवर तू बेडकासारखी बसत होतीस, बघितलंय मी खिडकीतून."

करड्या रंगाची. पोलादी. टायर दोन बोटं रुंद, नक्षी बारीक. सीट कडक — बाई म्हणाल्या, आठवडाभर शिव्या देशील, मग विसरशील. टायर टम्म फुगवू नकोस, खडीवर उडशील. बोटानं दाबला की किंचित दबू दे. पावसात चुनखडीचं पीठ होतं, तेव्हा साखळी पूस. नाही पुसलीस तर गंजेल आणि ते तुझ्यासारखीला शोभेलच.

भाव करायला तोंड उघडलं. "रडका चेहरा करू नकोस. शाळेतही तुला त्याचा फायदा झाला नाही."

तरी बाईंनी मला परवडेल इतकंच घेतलं. का, ते विचारायची छाती झाली नाही.

१० मे

शिव्या देणं संपलं. बाई बरोबर होत्या, थेरडी!

१४ मे

मदर्स डे. ब्रॉडीने काही आणलं नाही. आणेल असं वाटलं होतं, हे लिहून ठेवते.

१९ मे

चुनखडीच्या वाटेवर लाल खांद्यांचे काळे पक्षी घरटी करून बसलेत. बाई-माणूस बघत नाहीत, सरळ डोक्यावर चोच मारतात. आज टोपी नेली. मागून वारा होता. न दमता पोचले आणि रोंडाच्या आधी पोचले! ती दाराशी किल्ल्या शोधत उभी. "आज कुणी मेलंय का?" म्हणाली. मी नुसती शीळ घातली. मला शीळ येते हे मीच विसरले होते.

व्हर्नाला फोनवर सांगितलं. "छान. पाय मर्दासारखे होतील आता." असू देत.

२६ मे

हनुवटीला टाके. लिहिताना खाली बघवत नाही.

संध्याकाळी परत येत होते. खडीच्या रस्त्यावर मागून गाडीचा आवाज. कडेला घेतली. हॉर्न — लांबलचक. आणखी कडेला. मग गाडी अंगावरूनच गेली म्हणायची, खडे गोळ्यांसारखे लागले, पुढचं चाक मऊ मातीत रुतलं आणि मी चारीत. पाणी होतं, गेल्या वर्षीची मक्याची धसकटं होती.

धूळ खाली बसली तेव्हा गाडीचा मागचा दिवा दिसला. डावा, फुटका. माझ्याच हातून गॅरेजच्या दाराला लागून फुटलेला.

थांबला नाही.

सायकलला काही झालं नाही. नुसतं हँडल वाकडं झालेलं, पुढचं चाक पायात धरून सरळ केलं आणि बसून आले. दवाखान्यात सांगितलं, पडले.

२७ मे

ब्रॉडी: "अगं, गंमत केली! तू अशी घाबरशील हे काय माहीत. केड तर पोट धरून हसत होता." केड म्हणजे त्याचा तो दारूतला दोस्त. गाडीत शेजारी बसला होता.

टाक्यांकडे बघितलं त्याने. मग फ्रीज उघडला.

३० मे

केडने फोनवर चित्रण केलं होतं. ते गावभर फिरतंय. खाली लिहिलंय — सर्कस आली!

स्वयंपाकघरात पोरी घोळका करून बघत होत्या, मी आले तशा पांगल्या. रोंडाने फोन माझ्या हातात दिला. "बघ. माहीत असलेलं बरं." पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

बघितलं. माझी पाठ. केवढी रुंद दिसते! खरंच अस्वल. मागे गाणं लागलंय, हसणं चाललंय. मग केडचा आवाज — "ए, फार जवळ घेतोयस. लागेल रे तिला."

आणि ब्रॉडी. गाडी चालवताना, अगदी सहज — "लागू दे."

परत लावून बघितलं. तेच म्हणाला.

दुपारचं जेवण वाढलं सगळ्यांना. वाटाण्याचं सूप.

१ जून

व्हर्ना घरी आली, रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री घेऊन. म्हणजे काहीतरी मागायला.

"हे बघ, मुलगे असेच असतात. बाहेर एक शब्द काढलास तर पोरगा आत जाईल. बापाविना वाढला तो."

"बाप गेला तेव्हा ब्रॉडी चोवीस वर्षांचा होता, व्हर्ना."

"म्हणून काय दुःख नसतं? आणि खरं सांगू? तूच हौस केलीस. या वयात सायकल! लोक हसणारच."

"हसायचं काय, तो अंगावर घालत होता."

"अगं पण लागलं कितीसं?"

हनुवटी दाखवली. तिने पेस्ट्री कापायला घेतली. मोठा तुकडा मला वाढला, प्रेमानं. खाल्ला नाही. तिलाही आश्चर्य वाटलं आणि मलाही.

३ जून

सांगून बघू म्हटलं, नीट शब्दांत. तो सोफ्यावर. समोर उभी राहिले, टीव्हीच्या आड. "ब्रॉडी, गाडी माझी आहे. माझ्या नावावर आहे. किल्ली दे. आज. आता."

खिशातून किल्ली काढली. बोटावर गरगर फिरवली. परत खिशात घातली.

"तुला आता सायकल आहे ना गं?"

हसला नाही म्हणताना. हसला असता तर बरं वाटलं असतं. बारका असताना मांडीवर झोपवताना मी बघायचे तेच डोळे, आणि त्यांत माझ्यासाठी काही नाही. राग पण नाही.

"चल बाजूला हो, दिसत नाहीये."

झाले बाजूला.

४ जून

रविवार. व्हर्नाकडे गेले नाही. साखळी पुसली, तेल घातलं.

५ जून

शेरीफच्या ऑफिसात गेले. गाडी चोरीला गेलीय म्हणून सांगितलं. कुणावर संशय? — नाव सांगितलं.

पोलिसाचं पेन थांबलं. "तुमचाच ना तो? बाई, घरी जा, विचार करा. या खेपेला आत जाईल तो."

म्हटलं, "लिहा."