भिंतीपलीकडची रडकी

७ नोव्हेंबर, शनिवार

आजही रडकी लावली! तीनदा! झाडूचा दांडा भिंतीवर आपटून आपटून माझाच हात दुखायला लागला. पलीकडे उल्पियानोचा पिको, म्हणजे माणसाहून उंच स्पीकर, पुढे रंगवलेली मगर, म्हणून त्याचं नावही मगर, आणि त्यासमोर नाचणारी अर्धी रेबोलो वस्ती. माझा दांडा ऐकतंय कोण! कपाटातल्या बशा आपोआप सरकत होत्या. कार्निव्हलचे घागरे शिवायचेत, आज सुई दोनदा बोटात गेली.

रडकी म्हणजे ते आफ्रिकेचं गाणं. कुणी पोरगी चिरक्या आवाजात गाते, काय भाषा देव जाणे. शेवटी एक पोपट ओरडतो. पोपट आला की सगळी गल्ली त्याच्याबरोबर पोपट होते. मग उल्पियानो माइकवरून — "ही फक्त मगरीकडे! अख्ख्या बारांकिया शहरात दुसरी नाही!"

नसेल. एकच पुरे आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून आले. जेवायला एकटीच. एकटीसाठी भात लावायचा तर तांदूळ भांड्याच्या तळाला दिसतसुद्धा नाहीत. म्हणून दोघांपुरता लावते. सवय म्हण, खोड म्हण.

भिंतीवर नवऱ्याचा, एव्हारिस्तोचा फोटो. डोळे मिटलेत, तोंड उघडं — गातोय. मागे तोन्यो ढोलावर. 'तुर्पियालेस' असं पिवळ्या पाखराचं नाव घेतलं होतं त्यांनी बँडला, आणि पाखरासारखेच भुर्रकन गेले. एका गावच्या जत्रेत वाजवायला निघाले होते, बस पुलावरून खाली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

रेकॉर्ड एकच निघाली, छोटी तबकडी. मी एकदाच ऐकली, मैत्रीण नुबियाच्या घरी, तीही एकच बाजू. दुसरी लावायच्या आत तिच्या नवऱ्याला झोप आली! मग एका पावसाळ्यात रस्त्याचा ओढा झाला, घरात शिरला. पलंग नेला, कपाट नेलं, तबकडी नेली. कंपनीही बुडाली. किती जणांना विचारलं. लोक विचारतात, तुर्पियालेस? कोण तुर्पियालेस?

तबकडीत गाणी भरली त्या दिवशी मी लिसा माशाचा भात पानात बांधून स्टुडिओत नेला होता. दार ढकललं तर तोन्यो खुर्चीसकट उताणा, आणि कुणी त्याला उचलेना! सगळे तोंडावर हात ठेवून उभे. नंतर काचेमागचा, गाणी भरणारा माणूस असा खेकसला माझ्यावर! का, ते कधी कळलं नाही. दुसरे तर सगळे खुशीत होते. तिथंच पानं सोडून जेवलो.

हे सगळं आठवतं. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, नुबियालाही नाही, म्हणून इथं लिहिते. एव्हारिस्तोचा आवाज मला आठवत नाही. जाड होता, एवढं आठवतं. म्हणजे 'जाड' हा शब्द आठवतो. आवाज नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर बघ कसं येतंय!

संध्याकाळी रडकी लागली. मी दांडा उचलला. तेवढ्यात व्होल्टेज पडलं. दिवा पिवळा झाला, मशीनची मोटर गुरगुरली, पंखा रेंगाळला. पलीकडे तबकडीही रेंगाळली असणार. त्या पोरीचा आवाज खाली यायला लागला. खाली, आणखी खाली — आणि तो होता! एव्हारिस्तो! एखादी ओळ, तेवढीच. मग दिवा लख्ख झाला आणि त्याची परत पोरगी झाली.

बाहेर सगळे वीजवाल्यांच्या आईबापाचा उद्धार करत होते. मी दांडा धरून उभी.

वेड लागलं का मला?

१५ नोव्हेंबर

नुबियाकडे गेले. म्हणाली, "अगं बये, उपाशीपोटी शिवत बसतेस, उद्या भिंतीतून रोमचा पोपसुद्धा बोलेल तुझ्याशी! ती आफ्रिकेची पोरगी आहे, शेंबड्या पोरालाही माहितीये. का तुझा एव्हारिस्तो घागरा घालून गायचा?"

ती हसून हसून लाल झाली. मी नुसती बघत बसले. पूर्वी माझ्या हसण्याला आई दार लावून घ्यायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. ते कधी सुटलं माझ्याकडून, कळलंच नाही.

१७ नोव्हेंबर

लाइट झकास. एरवी दिवसातून चारदा पडते, मेली!

२१ नोव्हेंबर, शनिवार

सान मार्तीन संतापुढे मेणबत्ती लावली. व्होल्टेज पाड रे बाबा. या शहरात असला नवस बोलणारी मीच असेन.

रडकी लागली तेव्हा गाल भिंतीला लावून बसले. दातांपर्यंत भिंत हलत होती. चाल ओळखीची वाटते का? वाटते. पण या वस्तीत कुठली चाल ओळखीची वाटत नाही? व्होल्टेज काही पडलं नाही. सान मार्तीनलाही पिको आवडतो वाटतं.

दांडा वाजला नाही हे उल्पियानोच्या लक्षात आलं. माइकवरून — "शेजारच्या निन्या दिग्नाच्या झाडूला आज सुट्टी! तब्येत बरी आहे ना हो?" सगळी गल्ली हसली. साठीला टेकले, तरी यांची मी 'निन्या'. पोरगीच अजून!

२४ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. तोंडात शब्द जमवत गेले.

उल्पियानो स्पीकरवरची धूळ पुसत होता. "या निन्या दिग्ना! झाडू आणलात की पोलीस?"

म्हटलं, "रडकी कोण गातं?"

त्याचा चेहरा एकदम बंद झाला. "आफ्रिकेची आहे ती. खलाशानं आणलेली."

"नाव काय?"

"नाव बाबांनी ब्लेडनं खरडून काढलं."

ते मलाही माहीत आहे. सगळेच पिकोवाले खरडतात. दुसऱ्या पिकोची माणसं नाचायच्या मिषानं येतात आणि तबकडीवर मान वाकडी करून नाव वाचतात. नाव फुटलं की चार दिवसांत तीच तबकडी पलीकडच्या वस्तीत वाजते, आणि हा बसला माशा मारत.

"मरताना तरी सांगितलं असेल तुला?"

"सांगणार होते. पण तोवर तेच विसरले होते!"

मग मी सांगून टाकलं. सगळं. एव्हारिस्तो, बस, ओढा, व्होल्टेज. तो चिवट आहे, पण वाईट नाही. हसला नाही.

"बाई, ती पोरगी आहे हो."

"तेहतीसच्या वेगावर लावून बघ. सावकाश."

"छोटी तबकडी पंचेचाळीसवरच लागते."

"आमची छोटी होती आणि तेहतीसची होती."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलं होतं तिथं तुझ्या बापाचं ब्लेड फिरलंय!"

जरा जोरातच बोलले. त्यानं पेटीचं झाकण लावलं. "जा आता, निन्या. मगरीची सगळी अब्रू त्या एका तबकडीवर आहे. मी तिला हात लावू देणार नाही."

घरी येऊन रडले. त्या भिंतीकडेच तोंड करून रडले.

२८ नोव्हेंबर, शनिवार

रडकी लावली नाही त्यानं! एकदाही नाही. लोक ओरडत होते, "रडकी! रडकी!" तो म्हणाला, सुई बिघडलीय. सुई कसली बिघडतेय, दुसरी गाणी तर वाजत होती.

इतकी वर्षं त्या गाण्यापासून सुटका मागत होते. मिळाली. आणि आता मला करमेना.

१ डिसेंबर, मंगळवार

दुपारी दार वाजलं. उल्पियानो, टोपी हातात. "बाई, मी लावून बघितली. या."

त्यानं खिडक्या लावून घेतल्या. मोठा स्पीकर नाही, एक छोटाच जोडला. खटका तेहतीसवर. सुई ठेवली.

आधी ढोल. सावकाश, माणूस चालतो तसा. मग एव्हारिस्तो.

जाड नव्हता! त्याचा आवाज जाड नव्हताच. खालचा होता, पण मऊ, आणि ओळ संपताना थोडा फाटायचा, रात्रभर जागल्यासारखा. मी छत्तीस वर्षं चुकीचा शब्द धरून बसले होते. मध्ये ते आफ्रिकेचे शब्द येतात ना, ज्यावर सगळे उड्या मारतात? तो नुसता म्हणतोय, "आणि आता ढोलावर तोन्यो, बघा बघा, पडेल तो!" घागऱ्याचं कापड हातात होतं, तेच तोंडात कोंबलं.

उल्पियानो खाली बसला होता, भिंतीला टेकून. "संपलं," म्हणाला. "वीस वर्षं माइकवरून ओरडतोय, आफ्रिकेची म्हणून. आणि ही पलीकडच्या गल्लीतली!"

मी हातानंच गप्प केलं. गाणं अजून चालू होतं. शेवटी पोपट यायचा होता.

पोपट नाहीच तो. ती बाई आहे. हसतेय. खळखळून, गाणं चालू आहे याची लाजबीज न बाळगता. आणि एव्हारिस्तो गाणं सोडून म्हणतो, "हस, माझे राणी, हस." मग खट्ट. संपलं.

कोण ही?

"परत लाव," म्हटलं. त्यानं लावली. तेच. तीच.

उल्पियानो माझ्याकडे बघेना. "त्या काळी स्टुडिओत साथीला गाणाऱ्या पोरी असायच्या, निन्या... मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका म्हणे!

निघताना म्हणाला, "कुणाला सांगू नका. कळलं तर मगरीला लोक गटारात लोटतील." शब्द दिला. मला तरी कुणाला सांगायचंय? माझ्या नवऱ्याच्या गाण्यात कुणी बाई हसतेय, हे?

३ डिसेंबर

शिवणात लक्ष नाही. एक घागरा उलटा जोडला, उसवत बसले.

आवाज मागितला होता. दिला देवानं — पण सोबत ही सवत! मला 'राणी' म्हणायचा का तो? आठवत नाही. हेच तर आहे, काहीच आठवत नाही! म्हणत असेल तर तिलाही म्हणायचा. नसेल तर तिलाच म्हणायचा. दोन्हीकडून मरण माझंच.

नुबियाला विचारलं, एव्हारिस्तोला कुणी होती का गं?

"त्याला? अगं तू समोर असलीस की त्याला रस्त्यावरची गाय दिसायची नाही!"

मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. घरी येऊन फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

५ डिसेंबर, शनिवार

रडकी परत सुरू. पंचेचाळीसवर. उल्पियानो माइकवरून, "आफ्रिकेची! फक्त मगरीकडे!" — पण घसा साफ करून म्हणाला.

दांडा उचलला नाही. त्या पोरीला शेवटपर्यंत ऐकलं. पोपट यायच्या आधी कान झाकले.

८ डिसेंबर, मंगळवार

आज मरियेचा सण, पहाटे सगळ्यांनी दारात मेणबत्त्या लावल्या. मीही लावल्या. एक मरियेला, एक एव्हारिस्तोला. मग आणखी एक लावली, त्या हसणारीला.

असेल कुणीतरी. वीस-बावीस वर्षांचा होता, पुढे सहा महिनेसुद्धा मिळाले नाहीत त्याला. त्या दिवशी त्याच्यासमोर कुणीतरी तसं हसलं, बरं झालं. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण लहान आहे.

फोटो सुलटा केला.

१२ डिसेंबर, शनिवार

मगर कार्निव्हलसाठी नव्यानं रंगवली. जुनी तिरळी होती, म्हणून यंदा उल्पियानोनं दुसरा रंगारी आणला. दुपारी सगळ्या गल्लीसमोर कापड काढलं — दोन्ही डोळे नाकाच्या शेंड्याकडे! आधी निदान एकच तिरळा होता! आणि बाजूला उल्पियानो, मगरीकडे बघून बघून त्याचेही डोळे तसेच झालेले.

मी हसले. पोट धरून, खांबाला धरून हसले. थांबवताच येईना.

थांबले तेव्हा गल्ली गप्प होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "पोपट!"

उल्पियानोनं टोपी काढली. "निन्या दिग्ना," म्हणाला, हळूच, "परत हसा."

स्टुडिओतला काचेमागचा माणूस माझ्यावर उगाच नव्हता खेकसला.